बुजगावण्याची जागा

रानफुलांचे फोटो काढणं हे कॅमेऱ्याचं काम आहे असं लोकांना वाटतं. खरं तर ते गुडघ्यांचं काम आहे. जमिनीलगतचं फूल टिपायचं तर त्याच्या उंचीवर उतरावं लागतं, कोपरं मातीत टेकावी लागतात, आणि मग उठताना कुणाचा तरी हात लागतो. माझ्या बाबतीत तो हात लग्न झाल्यापासून बायकोचा आहे.

आमच्या क्षेत्रात तिला सगळे छत्रीवहिनी म्हणतात. भर उन्हात फुलाचा फोटो नीट येत नाही. पाकळ्या पांढऱ्याफटक पडतात आणि देठाखाली काळंमिट्ट होतं. म्हणून फुलावर सावली धरावी लागते. बाकीचे कापडी छत्र्या वापरतात, पण छत्री वाऱ्याने फडफडते आणि तिच्या झुळकीने फूल डोलायला लागतं. माझी बायको अशा बेताने उभी राहते की ऊनही अडतं आणि वाराही. डोक्यावर रुंद काठाची वेताची टोपी, डावा हात कमरेवर. मी म्हणतो, "हलू नकोस," आणि ती हलत नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

इतक्या वर्षांत माझ्या एकाही फोटोत ती आलेली नाही. म्हणजे सगळ्यांत आहे, पण फुलावर पडलेल्या मऊ उजेडापुरती. आमच्या लेकीने नवं घर घेतलं तेव्हा हॉलच्या भिंतीसाठी आम्हा दोघांचा एक फोटो मागितला. शोधाशोध केली तर लग्नातला एक सापडला, त्यात आमच्यापेक्षा माझे काकाच जास्त दिसत होते.

"बाबा, जगातल्या सगळ्या गवताचे फोटो आहेत तुमच्याकडे," लेक म्हणाली. "आईचा एक नाही. आता जाताय ना, तिकडून दोघांचा मिळून एक घेऊन या. फुलांचा नकोय मला."

मी कबूल झालो. बायको म्हणाली, "यांना माणसं फोकसमध्ये येत नाहीत गं."

त्या वेळचं काम शेताकाठच्या फुलांच्या पुस्तकाचं होतं. आतली पानं तयार होती, मुखपृष्ठ अडलं होतं. प्रकाशकाला असं काहीतरी हवं होतं की ज्यात फूलही दिसेल आणि शेतही. कुणीतरी एका शेतघराचा पत्ता दिला. माळ्यावरची एक खोली पाहुण्यांना देतात, म्हणाले, आणि आजूबाजूला फवारणी होत नसल्यामुळे बांधावर अजून फुलं आहेत.

आहेत हा शब्द फार कमी पडला. घर एका लांब उताराच्या माथ्यावर होतं आणि उतार खाली ओढ्यापर्यंत गेला होता. दोन्ही बाजूंना गहू पोटरीत आलेला, वाऱ्याबरोबर त्याचा रंग बदलत होता. आणि मधोमध, घराच्या अंगणापासून थेट ओढ्यापर्यंत, एक रुंद पट्टा न नांगरता सोडलेला. त्या पट्ट्यात फुलांनी नुसता कहर केला होता. तांबडी, जांभळी, पांढरी, आणि पिवळ्या फुलांची तर ठिकठिकाणी दाट बेटं. मी गाडीतून उतरलो तो तसाच उभा राहिलो. सामान बायकोनेच काढलं. मला ती फुलं बघून अक्षरशः रडू येईल की काय असं झालं होतं, आणि मी काही रडका माणूस नाही.

घरच्या मालकीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या होत्या. नवरा कधीच वारला होता. दोन मजुरांच्या मदतीने सगळी शेती त्या एकट्या बघत होत्या. त्यांनी खोली दाखवली, चहा दिला, आणि मग खिडकीतून पट्ट्याकडे बोट केलं.

"फिरा हवं तेवढं. तिथं मात्र चालत राहायचं. थांबायचं नाही."

"का हो? साप वगैरे?" बायकोने विचारलं.

"साप कुठंही असतो. तिथं उभं राहायचं नाही एवढंच. उभं राहायचं काम त्याचं आहे."

त्याचं म्हणजे बुजगावण्याचं. पट्ट्याच्या साधारण मध्यावर ते उभं होतं. जुना कोट, गवत भरलेल्या बाह्या, दोन्ही हात आडवे पसरलेले.

"पण मग फोटो कसा काढायचा?" मी विचारलं.

"बांधावरून काढा. लांबचं दिसतं ना तुमच्या त्या नळकांड्यातून?"

खोलीत गेल्यावर बायको हसत सुटली. "गव्हात बुजगावणं नाही आणि पडीक जागेत आहे. पाखरांनी फुलं हुंगायची नाहीत की काय?" मला वाटलं, फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून बाईंनी काढलेली ही युक्ती असावी. मला ती आवडलीही. फुलांची इतकी काळजी घेणारं माणूस विरळाच.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी शहरात निघून गेल्या. घर आमच्यावर आणि मजुरांवर सोपवलं. आम्ही दोघांनी दिवसभर पट्टा पालथा घातला. चालत चालतच. बायको अनोळखी फुलांना स्वतःची नावं ठेवते, ती तिची जुनी खोड. एकीला तिने झिपरी म्हटलं, एकीला चिडकी. वाकडी मान करून बसलेल्या एका पांढऱ्या फुलाचं नाव तिने माझ्या आत्याच्या नावावरून ठेवलं, आणि खरोखर ते आत्यासारखं दिसत होतं. मजूरही पट्ट्यातूनच ये-जा करत होते. एकदा त्यातल्या एकाला दुसऱ्याशी बोलायचं होतं, तर तो बोलता बोलता त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिला आणि दुसरा जागच्या जागी पाय उचलत राहिला. मला गंमत वाटली. बायकोला वाटली नाही. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

ते फूल मला संध्याकाळी दिसलं. बुजगावण्याच्या खांबाच्या अगदी बुडाशी, एकच रोप, त्यावर एकच फूल. नखाएवढं निळं, पाच पाकळ्या, घशात पांढरा ठिपका. त्या निळ्याचं वर्णन मला करता येणार नाही. आयुष्यभर फुलं बघितलेल्या माणसाने असं म्हणावं हे बरं नाही, पण तसा निळा रंग मी पाहिला नव्हता. सोबतच्या दोन्ही पुस्तकांत ते सापडलं नाही. बायकोला विचारलं, हिचं नाव काय ठेवतेस?

"हिला नको," ती म्हणाली. "हिला आधीच नाव असेल."

मुखपृष्ठ सापडलं होतं. खाली ते निळं फूल, मागे उताराने गेलेला गहू, वर आभाळ. अडचण एकच होती. फ्रेमच्या बरोबर मध्ये बुजगावण्याचा खांब येत होता.

फ्रेम साफ करणं ही आम्हा लोकांची सवय आहे. मध्ये येणारी काडी आम्ही तोडत नाही, कपड्यांचा चिमटा लावून बाजूला धरतो आणि काम झालं की सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुजगावणं त्याच हिशेबाने उपटलं आणि बांधाला टेकवून ठेवलं. ते हाताला अगदीच हलकं लागलं.

"विचारलंत का त्यांना?" बायको म्हणाली.

"संध्याकाळी परत लावू. ये, उभी राहा."

ऊन चांगलंच चढलं होतं. फुलावर सावली पडेल अशी एकच जागा होती, खांबाच्या भोकापाशी. ती तिथे उभी राहिली. टोपी, कमरेवर हात. मी पोटावर झोपलो आणि मीटर लावलं. माझ्याकडे हातात धरायचं जुनं मीटर आहे. उघड्या उन्हातला उजेड मोजायचा, मग तिच्या सावलीतला मोजायचा. फरक नेहमी तीन स्टॉपचा येतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, तीन म्हणजे आठवा हिस्सा. तिच्या सावलीचा हा आकडा मला माझ्या चपलेच्या नंबरासारखा पाठ आहे. त्या सकाळीही तीनच आला.

एवढ्या लहान फुलाचा फोटो एका क्लिकमध्ये होत नाही. फोकस केसभर सरकवत एकामागून एक फ्रेम घ्यायच्या आणि नंतर जोडायच्या. त्या सगळ्या वेळात कुणी हलायचं नाही. मी म्हणालो, "हलू नकोस." ती हलली नाही.

आमच्याइतकं स्तब्ध त्या पट्ट्यात कुणी कधी उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही. शेतावर काम करणारा माणूस सारखा हलत असतो. पुतळ्यासारखं उभं राहायचं काम फक्त बुजगावण्याला असतं, आणि आम्हाला.

"झालं," मी म्हणालो. तिने मला हात देऊन उठवलं.

"पाठ दुखली नाही आज," ती म्हणाली. "एवढा वेळ उभी होते, पण काही जाणवलंच नाही. बरं वाटत होतं उलट. कुणीतरी अंगावरचं ओझं हळूहळू उतरवून घेतंय असं."

संध्याकाळी बुजगावणं परत लावायला गेलो तर खांब आत जाईना. भोक होतं तिथे माती आवळून बसली होती. मी ते पुन्हा बांधाला टेकवलं. मजूर लांबून बघत होते. हाक मारली तर हात हलवून गव्हात गेले.

पुढच्या सकाळी तिथे एक फूल नव्हतं. शेकडो होती. अंथरूण घालावं तशी निळी फुलं पसरली होती, खांबाच्या जागेपासून सुरू होऊन पार पलीकडच्या तांबड्या फुलांपर्यंत. रात्रीत रोपं येत नाहीत हे मला कळतं. पण काही रोपं जमिनीलगत दबा धरून असतात आणि एका उन्हाने एकदम उमलतात. मी स्वतःला तेच सांगितलं, आणि खरं सांगायचं तर सांगत बसायलाही मला वेळ नव्हता. इतकं सुंदर काही समोर असताना माणूस प्रश्न विचारत नाही. आम्ही सकाळभर काम केलं. ती उभी, मी आडवा. त्या दिवशीचे फोटो माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले आहेत.

मीटरवर मात्र फरक दोनच स्टॉपचा आला. मी मीटरची बॅटरी बदलली. मग कॅमेऱ्याच्या मीटरने मोजलं. दोनच. आभाळ स्वच्छ होतं. दुपारपर्यंत तो एकावर आला.

"आज सावली नीट पडत नाहीये तुझी," मी म्हणालो.

"वय झालं," ती म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी ती माझ्या आधी उठली होती. चहाचा कप घेऊन माळ्याच्या खिडकीशी उभी होती. मागे न वळता तिने मला बोलावलं. "अहो, इकडे या जरा."

वरून सगळा पट्टा दिसत होता. निळी फुलं जमिनीवरून बघताना नुसती विखुरल्यासारखी वाटली होती. वरून त्यांना आकार होता. खांद्यांचा उतार होता. टोपीचा रुंद काठ होता. डावा हात कमरेवर होता आणि त्या हाताच्या कोनातून मागचं हिरवं गवत दिसत होतं. फुलांनी तिची सावली जशीच्या तशी धरली होती.

"कंबर जरा जास्तच दाखवलीय," बायको म्हणाली. पण तिचा आवाज हसण्याचा नव्हता. तिचे डोळे भरून आले होते. "किती छान आलीय हो मी."

मला काय वाटलं ते सांगतो. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते कौतुक. आमच्या सबंध संसारात मी जे केलं नव्हतं ते त्या जमिनीने दोन सकाळींत केलं होतं. आणि कुठल्याही लेन्सने येणार नाही असं केलं होतं.

मग मी पिवळ्या बेटांकडे पाहिलं. आल्या दिवसापासून ती आमच्या डोळ्यांसमोर होती, पण तसं त्यांच्याकडे बघायचं सुचलं नव्हतं. उतारभर ती पसरली होती, माथ्यापासून ओढ्यापर्यंत, काही दाट, काही विरळ होत आलेली. प्रत्येकाला दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले हात होते.

मालकीणबाई त्याच दिवशी परत आल्या. अंगणातून त्यांना बांधाला टेकवलेलं बुजगावणं दिसलं. त्या थेट उन्हात कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या बायकोकडे गेल्या आणि तिच्या पायांशी बघत राहिल्या. मीही बघितलं. दोरीची सावली अंगणात पडली होती, ओल्या चादरीची पडली होती. चिमट्यांची पडली होती.

स्वयंपाकघरात त्यांनी आम्हाला बसवलं. बहिणीला मुलगी झाली, गोरी आहे, असं काहीतरी सांगितलं. मग पाव कापता कापता म्हणाल्या, "जेवण जातंय ना? झोप लागते?"

"छान लागते," बायको म्हणाली. "अंग इतकं हलकं झालंय की काय सांगू."

"मग झालं तर."

"बाई," मी म्हणालो, "हे काय आहे ते सांगा."

"मला काय ठाऊक? सासूबाई चालत राहायच्या, मी चालत राहते. दरवर्षी एक बुजगावणं लावतो, म्हणजे ती जमीन माणसांच्या वाटेला जात नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "सासूबाई एकदा थांबल्या होत्या. पायात काटा मोडला म्हणून. त्यानंतर पुष्कळ जगल्या. आनंदात जगल्या. कधी आजारी म्हणून पडल्या नाहीत. फक्त शेवटी शेवटी खोलीत आहेत की नाहीत हे कळायला हाक मारावी लागायची."

बायकोने टेबलाखाली माझा हात धरला.

"हाक मारली की ओ द्यायच्या मात्र," त्या म्हणाल्या, आणि पावाचे तुकडे आमच्या पुढे सरकवले.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण विश्वास नसलेला माणूसही बायकोसाठी काय काय करतो. जे एका जागी गेलं ते त्याच जागी परत मिळेल, असा मी सरळ हिशेब केला. दुसऱ्या सकाळी तिला घेऊन खाली गेलो. निळ्या आकाराचे पाय जिथे संपत होते तिथे तिला उभं केलं. टोपी घातली. हात कमरेवर ठेवायला सांगितला. ऊन त्याच बाजूला येईपर्यंत थांबलो.

काही झालं नाही. गव्हावरून वारा येत होता. फुलं इतकी सुंदर दिसत होती की त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडेच जात होती.

"हात धर बघू फुलावर," मी म्हणालो.

ती वाकली. एका फुलावर तिने ओंजळ धरली, ऊन अडवायला धरतात तशी.

फूल तसंच उजळलेलं राहिलं. पाकळीवरची एकही शीर मंदावली नाही.

मी मीटर लावलं. सरळ उन्हाचा आकडा आला. तिची ओंजळ मध्ये असताना.

"किती?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मला येतं ते एकच. मी पोटावर झोपून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. निळी फुलं. गहू. ओढ्याकाठची झाडं. फ्रेम अगदी साफ होती.

"अगं, कुठे गेलीस?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? तुमच्या समोर आहे."

मी डोळा काढून वर पाहिलं. ती होती. पण तिला शोधायला मला वेळ लागला होता. गव्हावर नजर ठरत होती, तिच्यावर ठरत नव्हती. तिचा चेहरा मी पाठ केल्यासारखा ओळखला, बघून नव्हे.

त्या क्षणी मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही. पुढची सगळी वर्षं मला स्वच्छ दिसली. मी एका खोलीत, हाका मारत.

मी कॅमेरा तिच्या हातात दिला.

"हे काय?"

"तू काढ. मी उभा राहतो."

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "नको. अहो, ऐका माझं. एक माणूस पुरे."

"लेकीने दोघांचा मागितलाय," मी म्हणालो.

मी तिच्या आकाराच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, माझ्या खांद्याची सावली तिच्या खांद्याला लागेल असा. तिने गुडघे टेकले. टोपी मागे सारली आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. तो कसा धरायचा हे तिला न शिकवता येत होतं. इतकी वर्षं मला बघूनच.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हललो नाही. ती म्हणाली होती ते खरं होतं. पाय दुखत नाहीत. गुडघ्यातली जुनी कळ गेली. कुणीतरी फार हलक्या हाताने, न दुखवता, आपल्याकडून काहीतरी उतरवून घेत असतं. आणि डोळ्यांसमोर गहू असतो.

दोन दिवसांनी निघालो. निघण्याआधी माळ्याच्या खिडकीतून मी फोटो काढला. उतारावर दोन निळे आकार, शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागलेला. माझ्यात टक्कल सोडून सगळं आलं होतं, असं बायकोचं मत पडलं. मालकीणबाईंनी गाडीपर्यंत सामान आणून दिलं. नवं बुजगावणं पट्ट्यात उभं राहिलं होतं, थोड्या लांब, निळ्या फुलांना जागा सोडून.

पुस्तक आलं. मुखपृष्ठाचं फार कौतुक झालं. ते फूल कोणतं, असं बरीच माणसं विचारतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना अजून त्याचं नाव सापडलेलं नाही. खिडकीतला फोटो मी मोठा करून लेकीला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, फुलांचा नको म्हटलं होतं ना मी." पण लावला हॉलमध्ये. येणारे-जाणारे त्याच्यासमोर थांबतात म्हणे.

आम्ही मजेत आहोत. तक्रार करावी असं काही नाही. माझी बायको मला आता अगदी स्वच्छ दिसते, गालावरच्या बारीक सुरकुत्यांसकट, आणि तिला मी. सकाळी आम्ही बाल्कनीत बसतो. कुंड्या आमच्या पाठीमागे असतात. पूर्वी त्यातली रोपं आमची सावली चुकवायला एका बाजूला झुकायची. हल्ली ती सरळ वाढतात.

गेल्या रविवारी लेक आली. तिच्याकडे चावी असते. दार उघडून ती आत आली, हातातली पिशवी टेबलावर ठेवली, पंखा लावला. हॉलच्या मधोमध उभी राहून तिने चारी बाजूंना पाहिलं. बाल्कनीत डोकावली, आतल्या खोलीत जाऊन आली. मग जरा मोठ्याने हाक मारली. "आई? बाबा?"

"ओ," आम्ही दोघं म्हणालो. आम्ही तिच्या समोरच, सोफ्यावर बसलो होतो.